काटा थांबवायचा, पण कुठे?

युरोपियन पार्लमेंटने २६ मार्च २०१९ रोजी ४१० विरुद्ध १९२ मतांनी ठरवलं, की वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करण्याची प्रथा २०२१ मध्ये संपवायची. त्याआधीच्या उन्हाळ्यात युरोपियन कमिशनने लोकांची मतं मागवली होती. ४६ लाख उत्तरं आली आणि त्यातल्या ८४ टक्के लोकांनी ‘बंद करा’ असंच सांगितलं. इतका स्पष्ट कौल सहसा कुठल्याच प्रश्नावर मिळत नाही. तरीही मार्चच्या शेवटच्या रविवारी लिस्बनपासून हेलसिंकीपर्यंतची घड्याळं अजून एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. सदस्य देशांच्या सरकारांची जी परिषद आहे, तिच्या संमतीशिवाय कायदा होत नाही, आणि प्रस्ताव तिथेच अडकला आहे.

याचं खापर ब्रुसेल्सच्या बाबूगिरीवर फोडलं जातं. मला ते पटत नाही. अडचण खरी आहे आणि ती खोल आहे. घड्याळ बदलणं थांबवावं यावर लोकांचं जमतं. पण ते कोणत्या वेळेवर थांबवावं, यावर जमत नाही. बाराही महिने उन्हाळी वेळ (मार्चमध्ये तासभर पुढे केलेली) ठेवायची की बाराही महिने प्रमाण वेळ (हिवाळ्यातली, मूळची)? ‘बदल नको’ म्हणणारा प्रत्येक माणूस यांपैकी एक उत्तर मनात गृहीत धरून बोलत असतो आणि शेजारच्याचंही तेच उत्तर असेल असं समजतो. माझं मत आधीच नोंदवलेलं बरं: थांबायचं तर प्रमाण वेळेवर थांबावं. संध्याकाळचा उजेड मलाही हवासा वाटतो, पण त्याची किंमत हिवाळ्यातल्या सकाळी मोजावी लागते, आणि ती फार जास्त आहे.

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश आणि एका अंशाला चार मिनिटं. या वादातला बहुतेक हिशोब या चार मिनिटांवर मांडता येतो. मध्य युरोपची वेळ १५ अंश पूर्व रेखांशाची. ती रेषा जर्मनी-पोलंड सीमेवरच्या गॉर्लिट्झ गावातून जाते. गॉर्लिट्झला घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्यही साधारण डोक्यावर असतो. पण हेच घड्याळ पश्चिमेला स्पेनच्या व्हिगो बंदरात चालतं (पावणेनऊ अंश पश्चिम) आणि पूर्वेला पोलंडच्या ब्याविस्तोकमध्येही चालतं (सव्वातेवीस अंश पूर्व). दोन्ही गावांमध्ये ३२ अंशांचं अंतर, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने दोन तास आठ मिनिटांचं.

आता दोन्ही पर्याय या दोन गावांवर लावून पाहा. २१ डिसेंबरला व्हिगोत सकाळी नऊच्या सुमाराला सूर्य उगवतो. ही आजची, म्हणजे प्रमाण वेळेतली गोष्ट. उन्हाळी वेळ कायम केली तर तिथे सूर्योदय दहा वाजता होईल. शाळेचा पहिला तास संपून दुसरा सुरू झालेला असेल आणि खिडकीबाहेर अजून अंधार असेल. उलट ब्याविस्तोकमध्ये प्रमाण वेळ कायम केली तर जूनमध्ये पहाटे तीनला सूर्य उगवेल आणि रात्री आठला मावळेल. जूनच्या उत्तर युरोपात रात्री आठला सूर्यास्त म्हणजे तिथल्या माणसाला आपली संध्याकाळ कुणीतरी कापून नेल्यासारखं वाटणार. बर्लिन या दोन टोकांच्या मध्ये येतं. डिसेंबरमध्ये तिथे सव्वाआठला उजाडतं. कायम उन्हाळी वेळेत ते सव्वानऊ होईल. जूनमध्ये सूर्यास्त साडेनऊला होतो. कायम प्रमाण वेळेत साडेआठला होईल.

म्हणून स्पेन आणि पोलंड ‘बदल नको’ या एकाच घोषणेखाली उभे असले तरी त्यांना हव्या असलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत. स्पेनच्या बाबतीत तर आणखी एक गुंता आहे. रेखांश पाहिला तर स्पेनची वेळ ब्रिटनची असायला हवी आणि १९४० पर्यंत ती तशीच होती. त्या वर्षी मार्चमध्ये फ्रँकोच्या राजवटीने घड्याळ एक तास पुढे केलं आणि ते पुन्हा मागे आलंच नाही. त्यामुळे स्पेन हिवाळ्यातही उन्हाळी वेळेवरच असतो, आणि उन्हाळ्यात त्यावर आणखी एक तास चढतो. माद्रिदमध्ये जेवणं रात्री साडेनऊ-दहाला होतात याचं कौतुक पर्यटक करतात, पण त्यात या घड्याळाचाही वाटा आहे. शेजारच्या पोर्तुगालने १९९२ मध्ये मध्य युरोपची वेळ स्वीकारून पाहिली आणि चार वर्षांत ती सोडून दिली.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे सगळं दूरचं वाटेल, पण मुंबईकर अशाच एका सरकवलेल्या घड्याळावर जन्मभर जगत असतो. भारतीय प्रमाण वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे आणि मुंबई सुमारे ७२.८ अंशांवर. फरक जवळजवळ पावणेदहा अंशांचा, म्हणजे ३९ मिनिटांचा. मुंबईत सूर्य सरासरी १२ वाजून ३९ मिनिटांनी माथ्यावर येतो. नागपूरला हा फरक जेमतेम चौदा मिनिटांचा आहे. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाण वेळ लागू झाली तेव्हा मुंबईत कडवा विरोध झाला. गिरणी कामगारांना तेच भोंगे सूर्याच्या हिशोबाने ३९ मिनिटं आधी वाजणार होते, आणि त्यांनी त्या जानेवारीतच निषेध केला. प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटं मागे चालणारा ‘मुंबई टाइम’ शहरात पुढे तब्बल १९५५ पर्यंत टिकून राहिला.

आपल्याकडे ऋतुमानानुसार घड्याळ बदलायची गरज मात्र नाही, कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. बर्लिनमध्ये हेच आकडे सोळा तास पन्नास मिनिटं आणि सात तास एकोणचाळीस मिनिटं. जिथे पहाटे साडेतीन-चारला उजाडतं आणि लोक सातपर्यंत झोपलेले असतात, तिथे ‘हा उजेड संध्याकाळी वापरू’ हा विचार निदान सुचण्यासारखा आहे. विल्यम विलेट या लंडनच्या बांधकाम व्यावसायिकाने १९०७ मध्ये हीच कल्पना पत्रक छापून मांडली. एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं पुढे जायचं, अशी त्याची योजना होती. एकदम तासाचा धक्का देण्यापेक्षा ती कितीतरी सौम्य होती, पण रेल्वेला ती परवडली नसती. प्रत्यक्षात पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी जर्मनीने ३० एप्रिल १९१६ ला घड्याळं तासभर पुढे केली आणि तीन आठवड्यांत ब्रिटननेही.

भारतातही असा प्रयोग झाला आहे, तोही युद्धामुळेच. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतीय प्रमाण वेळ एक तास पुढे होती. तिचे व्रण अजून दिसतात, आणि दिसतात ते कुंडलीत. या तीन वर्षांत जन्मलेल्या माणसाची पत्रिका करताना जाणकार ज्योतिषी नोंदवलेल्या जन्मवेळेतून एक तास वजा करतो. बारा राशी चोवीस तासांत पूर्वेला उगवून जातात, म्हणजे एक लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास) सरासरी दोन तास टिकतं. तासाभराची चूक झाली तर साधारण निम्म्या पत्रिकांचं लग्नच बदलतं. त्यातून जन्म मुंबईचा असेल तर सुइणीने किंवा दवाखान्याने लिहिलेली वेळ युद्धकाळची होती, मूळ प्रमाण वेळ होती की मुंबई टाइम, हेही विचारावं लागतं. तीन शक्यता, आणि सर्वांत पुढची व सर्वांत मागची यांत एक तास ३९ मिनिटांचा फरक. ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, ऐंशी वर्षांनंतरही घड्याळाच्या एका सरकारी हुकमाचा हिशोब घरोघर करावा लागतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत हाच हिशोब दर महिन्याला येतो. संकष्टीचा चंद्रोदय छापील कोष्टकात स्थानिक प्रमाण वेळेत दिलेला असेल तर मार्च ते नोव्हेंबर त्यात एक तास मिळवावा लागतो, नाहीतर आकाशात चंद्र नसतानाच उपास सोडला जातो.

आता शरीराकडे. प्रमाण वेळेचा माझा आग्रह मुख्यतः इथून येतो.

डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. शरीराचं मुख्य घड्याळ ते. बाहेरचा उजेड पूर्ण तोडला तर ते माणसागणिक थोडं कमीजास्त, पण सरासरी २४ तास आणि वर दहा-बारा मिनिटं अशा फेरीने चालतं. म्हणजे बहुतेकांचं घड्याळ रोज थोडं मागे पडतं आणि ते रोज जागेवर आणावं लागतं. हे काम सकाळचा उजेड करतो. उठण्याच्या सुमाराला डोळ्यांत गेलेला उजेड घड्याळ अलीकडे ओढतो. रात्री झोपेआधीचा उजेड ते पलीकडे ढकलतो. उन्हाळी वेळ नेमकं उलटं करते. सकाळचा उजेड काढून घेते आणि संध्याकाळी वाढवते. त्यामुळे झोप उशिरा येते, पण शाळा-ऑफिसची वेळ तीच राहते. मधल्या मध्ये झोप कमी होते.

हे फक्त बदलाच्या आठवड्यापुरतं नाही, हा मुद्दा वादात नेहमी हरवतो. मार्चमधल्या बदलानंतरच्या आठवड्यात अमेरिकेत जीवघेणे रस्ते अपघात सुमारे सहा टक्क्यांनी वाढतात, असं २०२० मधल्या एका अभ्यासात दिसलं. स्वीडनच्या नोंदींत त्याच आठवड्यात हृदयविकाराचे झटके सुमारे पाच टक्के जास्त आढळले. हे आकडे ‘बदल बंद करा’ याच्या बाजूने जातात, पण कोणत्या वेळेवर थांबायचं ते सांगत नाहीत. त्यासाठी वेगळा पुरावा पाहावा लागतो: अमेरिकेत दोन कालविभागांच्या सीमारेषेच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्या लोकांची तुलना. सूर्य जवळजवळ तोच, घड्याळात मात्र एका तासाचा फरक. ज्या बाजूला सूर्यास्त घड्याळात उशिरा होतो, तिथले लोक रोज सरासरी १९ मिनिटं कमी झोपतात असं आढळलं. हा फरक घड्याळ बदलण्यातून येत नाही. उशिराची संध्याकाळ त्यांच्याकडे बारा महिने आहे, आणि तिची वसुली झोपेतून होते. अमेरिकेतल्या झोपवैद्यकाच्या अकादमीने २०२० मध्ये कायम प्रमाण वेळेच्या बाजूने भूमिका घेतली, ती अशा पुराव्यांवर.

तोवर ज्यांना मार्चचा बदल सोसायचाच आहे, त्यांच्यासाठी करण्यासारखं थोडं आहे. बुधवारपासून रोज पंधरा-वीस मिनिटं लवकर झोपायचं आणि तितकंच लवकर उठायचं. रविवारपर्यंत तास भरून निघतो. रविवारी आणि सोमवारी उठल्यावर अर्धा तास बाहेर उजेडात काढायचा. खिडकीआडचा उजेड बाहेरच्या मानाने फारच क्षीण असतो, म्हणून बाहेरच जायचं. संध्याकाळी घरातले दिवे मंद ठेवायचे. लहान मुलांचं जेवण आणि झोप दोन्ही एकत्र सरकवायचं. नुसती झोप सरकवली तर भुकेच्या वेळेला मूल जागं होतंच. दुभत्या गायी पाळणारेही हेच करतात, आठवडाभर रोज दहा मिनिटांनी धार काढण्याची वेळ सरकवतात, कारण कासेला घड्याळ कळत नाही. उन्हाळी वेळ शेतकऱ्यांच्या सोयीसाठी आली हा समज चुकीचा आहे. शेतकरी तिच्या विरोधातच होते. अमेरिकेत १९१९ मध्ये त्यांच्या दबावामुळे काँग्रेसने अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून हा कायदा रद्द केला होता.

कायम उन्हाळी वेळेची कल्पना नवी नाही. ती तीन मोठ्या देशांनी वापरून सोडली आहे. अमेरिकेने तेलटंचाईत ६ जानेवारी १९७४ ला घड्याळं पुढे केली, ती दोन वर्षं तशीच ठेवायच्या इराद्याने. डिसेंबरमध्ये ७९ टक्के लोकांचा पाठिंबा होता. फेब्रुवारीत तो ४२ टक्क्यांवर आला. मधल्या काळात काय झालं? जानेवारीची सकाळ झाली. फ्लोरिडात अंधारात शाळेला निघालेली मुलं गाड्यांखाली सापडली, पालक टॉर्च घेऊन बसथांब्यावर उभे राहू लागले. ऑक्टोबरमध्ये कायदा बदलून देश हिवाळ्यासाठी प्रमाण वेळेवर परतला. रशियाने २०११ मध्ये उन्हाळी वेळ कायम केली. मॉस्कोत डिसेंबरचा सूर्योदय दहाच्या आसपास गेला, आणि २६ ऑक्टोबर २०१४ ला घड्याळं मागे घेऊन तिथेच थांबवली. रशिया आजही तिथेच आहे.

ब्रिटनचा प्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे आकडे माझ्या बाजूचे नाहीत. फेब्रुवारी १९६८ मध्ये पुढे केलेली घड्याळं ऑक्टोबर १९७१ पर्यंत मागे आणली नाहीत. सकाळचे अपघात वाढले, पण संध्याकाळचे त्याहून जास्त कमी झाले. एकूण हिशोबात जीव वाचले असं दिसत होतं. मात्र त्याआधी काही महिनेच, ऑक्टोबर १९६७ मध्ये, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची श्वासचाचणी सुरू झाली होती, त्यामुळे घट कशामुळे झाली हे नीट वेगळं करता येत नाही. ग्लासगोत डिसेंबरचा सूर्योदय पावणेदहाला होत होता. तिथले बांधकाम मजूर, दूधवाले, टपालवाले, शाळकरी मुलं यांचा अर्धा दिवस अंधारात सुरू व्हायचा. डिसेंबर १९७० मध्ये कॉमन्स सभागृहाने ३६६ विरुद्ध ८१ मतांनी प्रयोग संपवला. संध्याकाळी वाचलेला जीव कुणाचा ते कळत नाही आणि सकाळी गेलेल्या मुलाचं नाव सगळ्या गावाला माहीत असतं, हे खरंच आहे. पण एवढ्याने त्या मतदानाचं स्पष्टीकरण होत नाही. लोकांनी दोन पूर्ण हिवाळे ती सकाळ जगून पाहिली आणि मग त्यांच्या प्रतिनिधींनी मत दिलं. युरोपियन कमिशनने मतं मागवली होती ती जुलै-ऑगस्टमध्ये, लांब संध्याकाळींच्या ऐन भरात.

तुर्कस्तानने २०१६ पासून कायम उन्हाळी वेळ ठेवली आहे आणि ती टिकली आहे, हेही सांगायला हवं. इस्तंबूलमध्ये हिवाळ्यात साडेआठच्या सुमाराला उजाडतं आणि मुलं अंधारातच शाळेला जातात. अमेरिकन सिनेटनेही १५ मार्च २०२२ ला कायम उन्हाळी वेळेचा कायदा एकमुखाने मंजूर केला. कनिष्ठ सभागृहाने तो घेतला नाही. तिथे कायद्याची एक विचित्र अडचण आहे. एखाद्या राज्याला वर्षभर प्रमाण वेळेवर राहायचं असेल तर कुणाची परवानगी लागत नाही. ॲरिझोना आणि हवाई तसेच राहतात. वर्षभर उन्हाळी वेळ हवी असेल तर मात्र काँग्रेसची परवानगी लागते. दीड डझनाहून जास्त राज्यांनी उन्हाळी वेळेचे ठराव करून ठेवले आहेत आणि ते काँग्रेसची वाट पाहत पडून आहेत. यांतल्या कुठल्याही राज्याला बदल खरोखरच नकोसा झाला असेल, तर प्रमाण वेळेचं दार आजही उघडं आहे.

विजेचा मुद्दा लवकर संपवता येतो. बचत दिव्यांची होती, आणि दिव्यांचा खर्च आता घटला आहे. इंडियाना राज्यात २००६ मध्ये सगळीकडे उन्हाळी वेळ लागू झाली तेव्हा घरगुती वीजवापर सुमारे एक टक्क्याने वाढला, कारण लोक लवकर घरी येऊन एसी लावू लागले.

बदलाच्या रात्री प्रत्यक्षात काय बिघडतं, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. मार्चमध्ये बर्लिनच्या घड्याळात १:५९ नंतर थेट ३:०० वाजतात. अडीच ही वेळ त्या रात्री नसतेच. ऑक्टोबरमध्ये २:५९ नंतर पुन्हा २:०० वाजतात, म्हणजे अडीच दोनदा वाजतात. जर्मनीत अधिकृतपणे पहिल्या तासाला २-ए आणि दुसऱ्याला २-बी म्हणतात. ही खूण विसरली तर जुळ्यांतलं धाकटं मूल कागदावर थोरलं होतं. पहिलं २-ए मध्ये २:५० ला आणि दुसरं २-बी मध्ये २:१० ला जन्मलं, एवढंच पुरतं. दर चार तासांनी द्यायच्या औषधात नर्सने घड्याळ न पाहता मधले तास मोजायचे असतात. रात्रपाळी मार्चमध्ये सात तासांची आणि ऑक्टोबरमध्ये नऊ तासांची होते, आणि पगाराचं सॉफ्टवेअर सुरुवातीची वेळ शेवटच्या वेळेतून वजा करत असेल तर दोन्ही वेळा आठच दाखवतं. जर्मनीतल्या रात्रीच्या गाड्या ऑक्टोबरमध्ये सोयीच्या स्टेशनवर तासभर थांबून राहतात. मार्चमध्ये काही इलाज नसतो, त्या तासभर उशिरा धावतात. भिंतीवरच्या जुन्या टोल्यांच्या घड्याळाचे काटे मागे फिरवायचे नसतात, टोल्यांचं चाक आणि काटे यांचा मेळ सुटतो. लंबक धरून तासभर थांबवायचा, नाहीतर प्रत्येक टोला पूर्ण वाजू देत काटे अकरा तास पुढे न्यायचे.

पुण्या-हिंजवडीत या सगळ्याची सवय झालेली आहे. न्यूयॉर्कशी अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. लंडनशी साडेचार आणि साडेपाच. खरी गडबड होते ती मधल्या आठवड्यांत. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते, युरोप शेवटच्या. म्हणजे दोन-तीन आठवडे पुणे, लंडन, न्यूयॉर्क यांच्या नेहमीच्या कॉलमध्ये कुणीतरी तासभर चुकतंच. मीटिंग ज्याने न्यूयॉर्कच्या वेळेत लावली असेल त्याची जागेवर राहते आणि पुणेकराची सरकते. पुण्याच्या वेळेत लावली तर उलटं होतं. म्हणून कॉल लावताना कोणाच्या कालविभागात तो बांधायचा हे आधी ठरवावं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी घडून गेलेल्या घटना जागतिक वेळेत साठवाव्यात, पण पुढच्या भेटी स्थानिक वेळ आणि शहराचं नाव असं दोन्ही मिळून साठवाव्यात, कारण मधल्या काळात तिथलं सरकार नियम बदलू शकतं. अमेरिकेच्या वेळेत रात्री एक ते तीनच्या दरम्यान कुठलंही काम आपोआप चालण्यासाठी लावू नये. कमोडिटी एक्स्चेंज एमसीएक्सचं संध्याकाळचं सत्रही याच तालावर कधी साडेअकराला, कधी ११:५५ ला संपतं.

‘तिथलं सरकार नियम बदलू शकतं’ ही नुसती शंका नाही. लेबननच्या काळजीवाहू सरकारने २०२३ मध्ये घड्याळं पुढे करण्याच्या जेमतेम दोन दिवस आधी जाहीर केलं, की रमजान संपेपर्यंत बदल करायचा नाही. तिथल्या मारोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या चर्चने आणि काही वाहिन्यांनी ते मानलं नाही. मोबाइल फोनना आधीचा नियमच ठाऊक होता, ते पुढे गेले. चार दिवस एका लहानशा देशात दोन वेळा चालल्या आणि भेट ठरवताना ‘कोणाच्या घड्याळाने’ हे विचारावं लागत होतं. शेवटी सरकारने माघार घेतली. तुर्कस्तानने २०१५ मध्ये निवडणुकीसाठी बदल दोन आठवडे लांबवला, तेव्हाही फोन जुन्याच तारखेला मागे गेले. जगभरच्या संगणकांना वेळ सांगणारी एक सामायिक नोंदवही आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती सुरू केली आणि पॉल एगर्ट तिची देखरेख करतात. कायदा झाला की तो आधी या नोंदवहीत जातो, तिथून ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, तिथून फोनमध्ये. जुन्या यंत्रांपर्यंत तो महिनोन्‌महिने पोहोचत नाही, काहींपर्यंत कधीच नाही. विमानांची वेळापत्रकं आणि विमानतळांवरचे उतरण्याचे ठरलेले वेळभाग तर हंगामाच्या कित्येक महिने आधी वाटून झालेले असतात. वर्षभराच्या आत केलेली घोषणा म्हणजे गोंधळाला आमंत्रण.

संध्याकाळच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. मैदानं, हॉटेलं, ऑफिस सुटल्यावर मुलांना बागेत नेणारे आईबाप, कामावरून एकट्या घरी येणाऱ्या बायका, या सगळ्यांना उजेड हवा असतो. पण तो मिळवायला घड्याळाला खोटं बोलायला लावण्याची गरज नाही. उन्हाळ्यात कचेऱ्या आठऐवजी सातला उघडता येतात आणि चारऐवजी तीनला बंद करता येतात. ‘सगळ्यांनी एकदम केलं नाही तर जमत नाही’ ही हरकत खरी आहे, म्हणून सुरुवात सरकारी कचेऱ्या आणि शाळांपासून करावी. शाळांच्या बाबतीत तर हिवाळ्यात उशिरा भरवण्याची मुभा जिल्ह्याला हवी. ब्याविस्तोकच्या पहाटे तीनच्या सूर्योदयावर मात्र हा उपाय पुरा पडत नाही. पोलंडच्या पूर्वेकडच्या भागाला पूर्व युरोपची वेळ सोयीची पडेल, तशीच स्पेनला ब्रिटनची. म्हणजे बदल थांबवण्याआधी युरोपला आपल्या कालविभागांच्या रेषा पुन्हा आखाव्या लागतील. आयर्लंडचा प्रश्न त्याहून कठीण आहे. ब्रिटन घड्याळं बदलत राहिला आणि आयर्लंड थांबला, तर बेटाचा उत्तर भाग ब्रिटनकडे असल्याने एकाच बेटावर वर्षातले काही महिने सीमेच्या दोन बाजूंना दोन वेळा असतील. ज्या सीमेवर पुन्हा चौक्या येऊ नयेत म्हणून इतकी वर्षं वाटाघाटी झाल्या, तिथे हे कुणालाच नको आहे. मेक्सिकोने २०२२ मध्ये प्रमाण वेळेवर थांबताना अमेरिकेच्या सीमेलगतच्या गावांना उन्हाळी वेळ पाळायची सवलत दिली, तसं काहीतरी इथेही करावं लागेल.

थांबवायची रीत त्या मानाने सोपी आहे. जिथे प्रमाण वेळेवर थांबायचं आहे तिथे शेवटचा बदल ऑक्टोबरमध्ये करावा, मार्चमध्ये नव्हे. ऑक्टोबरमध्ये लोकांना एक तास झोप मिळते आणि पुढच्या मार्चमध्ये काहीच करावं लागत नाही. कायदा त्याआधी किमान दीड वर्ष मंजूर झालेला असावा. पहिली सहा महिने शेजारच्या देशांशी रेषा ठरवायला, उरलेलं वर्ष रेल्वे, विमान कंपन्या, वीज मंडळं आणि दवाखान्यांच्या यंत्रणांना. शाळांच्या नव्या वेळा त्याच कायद्याच्या परिशिष्टात असाव्यात, नंतर काढायच्या परिपत्रकावर सोडू नयेत.